गाडी आतून धुतली तरी पंधरा दिवसांत कुबट वास परत येतो? नाशिककरांसाठी उपाय

गाडी आतून झाडली, पुसली, सीटला शाम्पू मारला, डॅशबोर्डवर सुगंधी डबी चिकटवली. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग एका सकाळी दार उघडलं की तोच ओल्या गोणपाटाचा वास. परत धुवा, परत तेच. आमच्या सोसायटीत जुलै लागला की पार्किंगमध्ये हीच चर्चा. शेजारचे काका तर दर वर्षी नव्या सुगंधाची डबी घेतात आणि दर वर्षी म्हणतात, "अरे, ही पण फुसकी निघाली बघ."

डबीची चूक नसते, बहुतेक वेळा धुण्याचीही नसते. गाडीत कुठेतरी ओल दडून बसलेली असते आणि आपण तिच्यावरून फडकं फिरवत राहतो. वर शाम्पूचं अर्धी बादली पाणी स्वतःच्या हाताने आत ओततो, ते नीट वाळत नाही आणि बुरशीची चंगळ होते. म्हणून कामाचा क्रम उलटा धरायचा: आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, ते बंद करा, आतलं वाळवा आणि धुणं सगळ्यात शेवटी. ज्यांना फक्त धूळ काढायची आहे त्यांनी थेट धुण्याच्या भागाकडे जावं. पण वास असेल तर वरचं काही गाळू नका.

वास कधी येतो, कसा येतो

याचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

एसी चालू केल्यावर पहिलं मिनिटभर येतो आणि मग जातो, असं असेल तर दोष कूलिंग कॉइलवर (एसीची हवा थंड करणारी जाळी) किंवा केबिन फिल्टरमध्ये (आत येणारी हवा गाळणारी घडी) आहे. सीट-कार्पेट धुवून काहीही फरक पडणार नाही.

उन्हात उभी राहिलेली गाडी उघडल्यावर भपकारा येतो, एसीचा काही संबंध नाही, तर खाली कार्पेटमध्ये किंवा सीटच्या फोममध्ये ओल आहे. पाऊस पडून गेल्यावरच येत असेल तर गाडी गळते आहे. मागे बसणाऱ्यांनाच जास्त येत असेल तर डिकी रिकामी करून स्टेपनीचा खड्डा बघा.

आंबूस, नासक्या दुधासारखा वास म्हणजे काहीतरी सांडलंय. लहान मुलं असलेल्या घरात हा प्रश्न विचारायचीही गरज नसते.

दोन वासांच्या बाबतीत मात्र सफाईच्या भानगडीत पडू नका. गोडसर वास येतोय, समोरची काच आतून चिकट धुरकट होतेय आणि पुढच्या पायाजवळचं कार्पेट बोटाला बुळबुळीत लागतंय, तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळत असणार. दुसरा वास पेट्रोलचा किंवा गॅसचा. दोन्ही वेळा काम गॅरेजचं. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास असेल तर काचा उघडा, गाडी चालू करू नका आणि मेकॅनिकलाच बोलवा.

ओल हाताला लागत नाही, म्हणजे नाही असं नाही

कार्पेटवरून हात फिरवून "कोरडं आहे की" म्हणणारे बरेच भेटतात. गाडीचं कार्पेट म्हणजे वर पातळ लोकर आणि खाली बोटभर जाड फोम किंवा नमद्याचा थर. वरची लोकर दिवसभरात वाळते. खालचा थर पाणी धरून ठेवतो आणि त्याच्या खाली थेट पत्रा असतो, तिथून वाफ जायला जागाच नाही.

तपासायची साधी पद्धत: रात्री मॅट उचला, चारही पायांच्या जागी वर्तमानपत्राची चौघडी ठेवा आणि त्यावर काहीतरी वजनदार, पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली चालेल. सकाळी कागद सादळलेला, मऊ झालेला दिसला की ती बाजू ओली. अंगठ्याने जोर देऊन दाबलं तर कधी कधी पाणी वर येताना दिसतंही. पुढच्या डाव्या सीटच्या पायाजवळ, जिथे कार्पेट वर इंजिनाकडे चढतं, तिथे नक्की दाबून बघा. ती जागा का, ते पुढे येतंय.

आता इथे आपल्याकडच्या हौशीबद्दल बोलायलाच हवं. नवी गाडी घेतली की ॲक्सेसरीजच्या दुकानात दोन गोष्टी गळ्यात मारतात: सेव्हन-डी मॅट आणि फ्लोअर लॅमिनेशन. दिसायला झकास. पण या मॅट कार्पेटला भिंतीपासून भिंतीपर्यंत झाकून टाकतात. चपलांचं पाणी कडेच्या फटीतून खाली उतरतं ते तिथेच राहतं आणि वरून मॅट पुसली की गाडी स्वच्छ दिसते. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, त्यात कार्पेटवर रेक्झीनचा थर कायमचा बसवलेला असतो. वासाची तक्रार घेऊन कोणी आलं की मी पहिल्यांदा या मॅटचा कोपरा वर करायला लावतो. खाली काळे ठिपके दिसले की पुढचं फार शोधावं लागत नाही. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात सुट्या रबरी मॅट घालाव्यात, ज्या रोज संध्याकाळी उचलून झटकता येतात. रेक्झीनची सीट कव्हरंही याच जातीची. मूळ कापडी सीट खाली घामाने आणि ओलीने कोंदते, वरून सगळं चकाचक.

पाणी येतं कुठून

सगळ्यात आधी बोनेट उघडा आणि काचेच्या मुळाशी, वायपरच्या खाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते तिथे बघा. काचेवरून येणारं पावसाचं पाणी या जाळीतून खाली पन्हळीत पडतं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून जमिनीवर जातं. नाशिकमध्ये झाडाखाली गाडी लावणारे भरपूर आणि एप्रिल-मेमध्ये गुलमोहर फुलला की त्याच्या पाकळ्या आणि ती बारीक बारीक पानं नेमकी या जाळीतून आत जातात. बाजार समितीच्या आसपास, लासलगाव-पिंपळगावकडे गाडी उभी राहत असेल तर कांद्याची टरफलंही. उन्हाळाभर हा चुरा पन्हळीत साठतो, पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो आणि भोकं बुजतात. मग पाणी तुंबून वर चढतं आणि जिथून एसीला बाहेरची हवा मिळते त्या तोंडातून आत येतं. हाताने चुरा काढा, एक-दोन तांबे पाणी ओता आणि चाकांच्या मागून ते पडतंय का बघा. मे महिन्याच्या शेवटी हे एकदा केलं तरी पावसाळ्यातल्या निम्म्या कटकटी वाचतात.

दुसरी जागा दारं. काचेच्या रबराच्या फटीतून पाणी दाराच्या पोटात जाणं हे अगदी नॉर्मल आहे, गाडी बनवतानाच ते गृहीत धरलेलं असतं. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, तिथून ते निघून जातं. ती भोकं मातीने बुजली की दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो. टूथपिक किंवा केबल टायने मोकळी करा. पण भोकं मोकळी असूनही दाराकडची कड ओली होत असेल तर दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या पडद्याकडे संशय जातो. आतल्या पॅनलच्या मागे हा पडदा चिकटवलेला असतो, तो पाण्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. बाहेरून नवे स्पीकर बसवताना तो फाडतात आणि तसाच सोडून देतात. कॅमेरा, हॉर्न, फॉगलाइटच्या वायरी इंजिनाकडून आत घेतानाही रबरी बूच काढून भोक उघडं ठेवलेलं असतं. जादा काही बसवून घेतल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर आधी तिथेच बघा.

सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत निचऱ्याची भोकं असतात, तिथून नळ्या खांबांतून खाली जातात. वाटीभर पाणी हळू ओता आणि गाडीखाली येतंय का पाहा. नळी तुंबलेली असेल तर पंपाची जोरदार हवा मारू नका. नळी आतल्या आत सुटते आणि मग छतातून पाणी येतं.

डिकीत पाणी असेल तर मागच्या लाइटचं गॅस्केट आणि दाराचं रबर. मागून ठोकर बसून डेंटिंग झालं असेल तर शक्यता आणखी वाढते. स्टेपनीच्या खालचा जॅक गंजलेला दिसला तर पाणी बरेच दिवसांचं आहे हे समजावं.

नेमकी जागा सापडत नसेल तर एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइप धरायचा. धार मंद ठेवा आणि खालून वर जा: आधी दाराची तळकड, मग काचेचं रबर, मग समोरची काच, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

एसीचं पाणी

डाव्या पायाजवळची जागा दाबून बघायला सांगितली ती यासाठी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत कूलिंग कॉइल डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते आणि एका छोट्या रबरी नळीने गाडीखाली टपकते. ही नळी धुळीने, कोळ्याच्या जाळ्याने बुजली की तेच पाणी आत कार्पेटवर. वळणावर डाव्या बाजूला पाण्याचा डुबुक आवाज येतो, कधी थेट पायावर पाणी पडतं.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पंधरा मिनिटं एसी चालवा आणि खाली वाका. टपटप पाणी पडत असेल तर नळी मोकळी आहे. पडत नसेल आणि डावं कार्पेट ओलं असेल तर नळी बुजली. ही परीक्षा एप्रिलमध्ये घेऊ नका, नाशिकची दुपारची हवा तेव्हा इतकी कोरडी असते की नळी मोकळी असूनही पाणी फारसं पडत नाही. नळी खालून मऊ वायरने किंवा हलक्या हवेने मोकळी होते. टोकदार तार खोलवर खुपसू नका, कॉइल पातळ ॲल्युमिनियमची असते.

पाण्याचा निचरा नीट असूनही पहिल्या मिनिटाचा वास राहत असेल तर फिल्टर काढा. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवला की त्याच्या मागे सपाट झाकण दिसतं, पाच मिनिटांचं काम. काही स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी फिल्टर देतच नाही, नुसती जागा असते. तो वेगळा घालता येतो. मॅन्युअलमध्ये साधारण दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलायला सांगतात, पण २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्त्यांची कामं सुरू असताना शहरातल्या गाडीने एवढी वाट बघू नये. कागदी फिल्टर धुवून परत घालू नका. ओला कागद म्हणजे बुरशीला पाटावर बसवून वाढणं. आणि नवा घालताना बाणाची दिशा बघा.

कॉइल साफ करायचा फेस डब्यात मिळतो. फिल्टर काढून, पंखा बंद ठेवून, फिल्टरच्या जागेतून किंवा निचऱ्याच्या नळीतून त्याची लांब नळी आत घालून मारायचा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं. काळं पाणी खाली पडतं ते बघून समाधान होतं. मग काचा उघड्या ठेवून पंखा फुल. फेस बेताने मारा, शेजारीच पंख्याची मोटर आणि वायरी असतात.

त्यानंतरची सवय फुकटची आहे. घर दोन-तीन मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद करा, पंखा चालू ठेवा, बाहेरची हवा आत घ्या. कॉइल वाळते आणि वास धरत नाही. द्वारका चौकात ट्रकच्या मागे उभं असताना आतलीच हवा फिरवणं ठीक, पण तो खटका दिवसभर तसाच ठेवला तर माणसांच्या श्वासाची वाफ आतच राहते. गंगापूर रोडला लागलात की बदला. काचा आतून सारख्या धुकटत असतील तर हेच कारण आधी तपासा.

वाळवणं

इथे सगळे घाई करतात. पाऊस थांबला, ऊन पडलं, दारं दोन तास उघडी ठेवली, झालं. खालचा फोम अशाने वाळत नाही.

दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपांवर बसवलेली असते, हाताने वर ओढली की निघते. थंडीत सकाळी ओढू नका, क्लिपा कडक होऊन तुटतात. पट्टी निघाली की कार्पेटची कड मोकळी होते. ती वर उचला आणि कार्पेट व पत्रा यांच्यामध्ये स्टीलची वाटी किंवा पेला उपडा घाला, म्हणजे बोगदा तयार होतो. त्यापूर्वी आतलं पाणी जुन्या टॉवेलवर उभं राहून शोषून घ्या. टॉवेल पिळा, परत दाबा, पाणी येईनासं होईपर्यंत. मग त्या बोगद्याच्या तोंडाशी टेबल फॅन लावा. पलीकडचं दार उघडं, म्हणजे हवा आरपार जाते. दोन दिवस लागतात, जास्त ओल असेल तर तीन. दारं उघडी असताना आतले दिवे बंद करायला विसरू नका, नाहीतर बॅटरी उतरते. हेअर ड्रायरने फक्त वरची लोकर गरम होते.

सीटच्या खाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅग आणि सीट बेल्टचे. काढू नका, ओले करू नका. कार्पेट पूर्ण काढण्यासाठी सीट काढाव्या लागत असतील तर ते काम मेकॅनिकचं.

भर पावसात वाळवायची वेळ आली तर गाडीचा एसीच कामाला लावा. एसी चालू, तापमान गरमवर, हवा पायाकडे आणि एक काच बोटभर उघडी. एसी वाफ काढतो आणि गरम हवा फोममधली ओल वर आणते. सिन्नरपर्यंत जाऊन यायचं निमित्त असेल तर तेव्हाच करा. सोसायटीच्या बंदिस्त तळघरात गाडी चालू ठेवून हे कधीही करू नका, धुरातला विषारी वायू कळतही नाही.

श्रावणातली तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी करून आलेल्या गाड्या मला लांबून ओळखू येतात. चिखलाचे पाय, भिजलेले कपडे, सगळे आत कोंबलेले आणि काचा बंद. शहरात भुरभुर असली तरी त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस धो-धो असतो. डिकीत एक प्लास्टिकचा टब आणि दोन जुने टॉवेल ठेवा. ओलं ते टबात आणि घरी आल्यावर टब आधी बाहेर. हे एवढं केलं तर वरचा सगळा खटाटोप करावा लागत नाही.

आता धुणं

दिवस निवडा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत किंवा एप्रिल-मे. जुलैत सीटला शाम्पू मारणं म्हणजे आजार विकत घेणं. पावसाळ्यात फक्त व्हॅक्यूम आणि घट्ट पिळलेलं फडकं. सकाळी आठला सुरू केलं तर अकरापर्यंत काम संपतं आणि दुपारचं ऊन वाळवायला मिळतं.

लागणाऱ्या वस्तू घरातल्याच: व्हॅक्यूम, इंचभर रुंदीचा रंगाचा नवा ब्रश, जुना टूथब्रश, चार-पाच मायक्रोफायबरची फडकी, भांड्यांचं किंवा कपड्यांचं लिक्विड, फवाऱ्याची बाटली. लिटरभर पाण्याला चमचाभर लिक्विड पुरे. लोक झाकणभर ओततात, मग साबण सीटमध्ये राहतो आणि चिकट सीटवर धूळ दुप्पट बसते.

गाडी पूर्ण रिकामी करा. ग्लोव्ह बॉक्स, दारांचे खिसे, सीटमागचे खिसे, सगळं. मग वरून खाली आणि आधी कोरडं, मग ओलं. एसीच्या जाळ्यांत रंगाचा ब्रश फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमचं तोंड खाली धरायचं, म्हणजे धूळ परत सीटवर बसत नाही. सीट पूर्ण पुढे सरकवा, रूळ साफ करा, मग पूर्ण मागे. शेंगदाण्याची फोलपटं, मुरमुरे, पार्किंगच्या पावत्या, हरवलेली नाणी, सगळं त्या रुळांत सापडतं. फोमच्या सांध्यांत बोटाने कड उघडी करून व्हॅक्यूम घाला. बेकरीचा चुरा तिथेच असतो आणि मुंग्या त्याच्यासाठीच येतात.

छताच्या कापडाला भिजवू नका. ते गोंदाने पातळ फोमवर चिकटवलेलं असतं, गोंद सुटला की कापड लोंबतं. फडक्यावर फवारा मारून हलकं टिपा, एवढंच. डोकं टेकायच्या जागा मात्र चांगल्या घासा, केसाच्या तेलाचा खवट वास तिथे असतो.

डॅशबोर्डला चमकणारं पॉलिश लावू नका, हे माझं ठाम मत. काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि तेलकट थरावर आपल्याकडची धूळ दोन दिवसांत बसते. स्टिअरिंग आणि पेडलवर तर अजिबात नको, हातपाय घसरतात. घट्ट पिळलेलं फडकं आणि मग कोरडं फडकं, बस. काचांची बटणं, गिअरच्या आजूबाजूचा भाग यांच्यावर थेट फवारा मारू नका. बोअरचं पाणी असेल तर काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग राहतात, तेव्हा शेवटचं फडकं फिल्टरच्या पाण्यात भिजवा.

कापडी सीटसाठी युक्ती अशी: बादलीत लिक्विड आणि थोडं पाणी घेऊन हाताने फेस काढा आणि ब्रशवर फक्त वरचा फेस घ्या, पाणी नाही. हातभर जागा घासायची, लगेच ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्याने दाबायची. असं करत पुढे. फोमपर्यंत पाणी जातच नाही आणि दोन-तीन तासांत सीट बसायला तयार. ओलं ओढणारा व्हॅक्यूम असेल तर सोन्याहून पिवळं. साध्या घरगुती व्हॅक्यूमने पाणी ओढू नका, मोटर जळते. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून वर चिमटा लावा, पुसा, वाळल्यावरच आत सोडा. ओला पट्टा आत गेला की तोही कुबटतो.

काचा सगळ्यात शेवटी, दोन फडक्यांनी. मागच्या काचेवर डिफॉगरच्या बारीक तारा असतात, त्यांच्या दिशेनेच, आडवं पुसा.

सांडलेलं

दूध किंवा दही सांडलं तर गरम पाणी वापरू नका, प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. थंड पाण्याने टिपून घ्या. मग एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात विरघळवून ओल्या फडक्याने तासभर झाकून ठेवा, पुसा, वाळवा. पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइम क्लीनर असेल तर आणखी बरं. लेदरवर हा प्रयोग नको. खाण्याचा सोडा कोरड्या जागेवर रात्रभर पसरून सकाळी ओढून घेतला तर उरलासुरला आंबूसपणा कमी होतो, ओल्या फोमवर मात्र त्याचा नुसता चिखल होतो.

द्राक्षांच्या हंगामात डिकीत क्रेट ठेवून पाहुण्यांकडे पेट्या पोचवणारे आपण सगळेच. काळ्या द्राक्षांचा रस सांडला तर आधी साबण लावू नका. त्या रंगाला साबण किंवा सोडा लागला की डाग निळसर होऊन जास्तच उठून दिसतो. थंड पाणी, मग पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात, टिपत राहा, घासू नका. साखर पूर्ण निघाली पाहिजे, राहिली तर आंबते आणि चिलटं येतात. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

मिसळीच्या तर्रीचा डाग पडला तर आधी टिश्यूने तेल टिपा, मग भांड्यांचं लिक्विड. साबण लागल्यावर हळद लाल झाली तर घाबरू नका. तेल निघाल्यावर जो पिवळा डाग उरतो तो उन्हाने फिका होतो, त्या बाजूची काच उन्हाकडे करून गाडी लावा.

उंदीर

सगळं करूनही कुजका वास येत असेल आणि पंखा लावल्यावर वाढत असेल तर फिल्टरची जागा उघडा. शेताजवळ किंवा मोकळ्या प्लॉटला लागून गाडी उभी राहत असेल तर उंदीर बाहेरच्या हवेच्या तोंडातून आत येऊन फिल्टरवर घरटं करतो. कुरतडलेला कागद, चिंध्या, लेंड्या दिसल्या की हातमोजे आणि मास्क घाला, जंतुनाशकाने सगळं भिजवा आणि मग कागदाने उचला. कोरडं झाडू किंवा व्हॅक्यूम करू नका, उंदराच्या विष्ठेतून आणि मुतातून आजार पसरतात. फिल्टर फेकून द्या. पंख्यात मेलेला उंदीर अडकला असेल तर पंखा काढावा लागतो. गाडीत खाऊ ठेवणं बंद केल्याशिवाय ते परत येणारच.

बाहेर द्यायची असेल तर

पुराचं पाणी सीटपर्यंत चढलं असेल तर घरी काही करत बसू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा काठच्या भागात पाणी शिरलं होतं, तशी वेळ आली तर इग्निशनला हातही लावू नका, बॅटरीचं कनेक्शन काढा, फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवून गाडी टो करून न्या.

बाकी साध्या सफाईसाठी दुकानात देणार असाल तर भाव विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. सीट कव्हर आणि मॅट काढून खाली बघणार का? आणि वाळवायला गाडी किती वेळ ठेवणार? भर जुलैत कोणी म्हणालं, "दादा, दोन तासांनी घेऊन जा, एकदम नवी करून देतो," तर फक्त व्हॅक्यूम करून घ्या आणि शाम्पूचे पैसे वाचवा.